टिकाऊ मिस्त्री आणि न लागणारी बुरशी

कुणाच्याही घरी पहिल्यांदा जाताना माणसं दाराशी चपला काढतात. टिकाऊ मिस्त्री दाराशी दाभण काढत.

पोती शिवायला वापरतात तसला लांब, टोकदार दाभण. त्याला त्यांनी स्वतः घडवलेली लाकडी मूठ होती आणि तो शर्टाच्या खिशात पेनाशेजारी कायम अडकवलेला असे. यजमान "या, या, बसा" म्हणेपर्यंत मिस्त्री उंबऱ्यापाशी वाकलेले असत. चौकटीचा अगदी तळ, जिथे लाकूड फरशीला टेकतं आणि फरशी पुसताना रोज ओलं होतं, तिथे टोक लावून ते हलकेच दाबत. टोक आत गेलं नाही तर मिस्त्रींचा चेहरा पडे. गेलं, तर मग काय विचारता! वर्षानुवर्षं सर्दीखोकल्याचे रोगी तपासणाऱ्या डॉक्टरला एखादा जगावेगळा आजार सापडावा, तसे त्यांचे डोळे लकाकत.

लेकीच्या सासरी पहिल्यांदा गेले तेव्हाही त्यांनी हेच केलं. व्याही मिठी मारायला दोन्ही हात पसरून दारात उभे, आणि मिठीत आला नुसता वारा. कारण मिस्त्री खाली. दाभण मुठीपर्यंत आत गेला.

"लागलीय," मिस्त्री खालूनच म्हणाले.

"कुणाला? कुठे?" व्याही घाबरले.

"बुरशी हो. चौकट आतून पार गेलीय. उभा आहे तो फक्त रंग."

विहीणबाईंच्या हातातला सरबताचा ट्रे हातातच राहिला. मिस्त्रींच्या बायकोने नवऱ्याच्या पाठीत कोपर मारलं. ते इतकं लागलं की मिस्त्री ताठ उभे राहिले आणि तेव्हा कुठे व्याह्यांची मिठी पूर्ण झाली. परतीच्या बसमध्ये बायको खिडकीबाहेर बघत बसली.

"मी खोटं बोललो का?" मिस्त्रींनी विचारलं.

"खरं बोललात. तेच तर."

मिस्त्रींचं खरं नाव फक्त विजेच्या बिलावर येई. गावाने त्यांना 'टिकाऊ' केलं ते त्यांच्याच तोंडच्या शब्दामुळे. गिऱ्हाईक म्हणालं, "खिडकी सुरेख झालीय," की मिस्त्री म्हणत, "टिकाऊ आहे." गिऱ्हाईक म्हणालं, "जरा बुटकी झालीय का?" तरी उत्तर तेच. एकदा एका बाईने दार चुकीच्या बाजूला उघडतंय अशी तक्रार केली, तर म्हणाले, "उघडू दे, टिकाऊ आहे." आणि ते टिकायचं, हे मात्र कबूल करायला हवं. माणसं घरं विकून जात आणि मिस्त्रींची दारं नव्या मालकाच्या नाकावर टिच्चून उभी असत.

साऱ्या आयुष्यात त्यांचं वैर एकाशीच, बुरशीशी. वाळवीला ते फारशी किंमत देत नसत. वाळवी खाते, माती टाकते, रस्ते बांधते. तिचा संसार उघड्यावर. बुरशी आत शिरते ती केसाहून बारीक धाग्याने, आणि ती आत आहे हे कळतं तेव्हा लाकडात लाकूडपण उरलेलं नसतं. तिच्या तऱ्हाही मिस्त्रींना चेहऱ्याने ओळखता येत. एक जात लाकूड तपकिरी करते, त्याला आडव्याउभ्या चिरा पडतात आणि बोटाने दाबलं तर चौकोनी तुकडे निघतात, वड्या पाडल्यासारखे. दुसरी जात लाकूड पांढरं, ओलसर, दशा निघालेल्या फडक्यासारखं करून सोडते. दोन्ही तऱ्हांचे नमुने मिस्त्रींच्या कामाच्या शेडमध्ये काचेच्या बरण्यांत ठेवलेले होते. गिऱ्हाइकाने औषधाचा खर्च कशाला म्हणून कुरकुर केली की मिस्त्री बरणी पुढे सरकवत.

औषध म्हणजे मोरचुदाचं निळं पाणी. शेडच्या मागे त्याचं पिंप होतं. मिस्त्रींच्या हाताखालून गेलेली प्रत्येक फळी त्या पिंपाचं पाणी प्यायलेली असे. शिडी, स्टूल, झाडूचा दांडा, सगळे प्यायलेले. एकदा त्यांनी स्वयंपाकघरातली मसाल्याच्या डब्यांची फळीसुद्धा औषध पाजून आणली, तेव्हा बायकोने ती दोन बोटांत धरून शेडमध्ये परत पोचवली होती. शिवाय दर शनिवारी काम आटोपलं की झारीत निळं पाणी भरून शेडभर एक फेरी व्हायची. जिथे ओल राहते तिथे तिथे शिंपण. मिस्त्रींना त्यासाठी डोकं वापरावं लागत नसे. आपण खोलीबाहेर पडताना दिवा मालवतो, तसा त्यांचा हात ते काम करून मोकळा होई.

आता बायको. तिला सारा गाव 'सिस्टर' म्हणे, कारण उभी हयात तिने इस्पितळात शस्त्रक्रियेच्या खोलीत नर्स म्हणून काढली. मिस्त्रीही घरात तिला सिस्टरच म्हणत. नव्याने राहायला आलेले शेजारी ते ऐकून आधी दचकत आणि मग चौकशी करत. सिस्टर निवृत्त झाल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांना कळलं, की या घरात बघण्यासारखं काही असेल तर ती दारं. पुढचं दार, मागचं दार, कपाटाची दारं, आणि शेडमध्ये विकायची दारं.

"मी आयुष्यभर आडवी आलेली माणसं उभी राहून चालत घरी जाताना पाहिली," त्या म्हणाल्या. "तुमची दारं काय, उभी ती उभीच."

"टिकाऊ आहेत," मिस्त्री म्हणाले.

त्याच सुमाराला लेकीला मूल झालं. तिचा रोज फोन. "आई, तू ये ना इकडे कायमची. बाळ आहे, मी कामावर जाते, तुझाही वेळ जाईल. बाबांना यायचं असेल तर तेही येऊ देत. फक्त दाभण तिकडे ठेवून."

बाबा जाणार नव्हते. शेड सोडून टिकाऊ मिस्त्री जगात कुठेही जाणार नव्हते, हे लेकीलाही माहीत होतं, सिस्टरनाही. म्हणजे सिस्टर गेल्या तर मिस्त्री एकटे. हे कुणी बोलत नव्हतं, पण जेवायला बसलं की ते तिसऱ्या माणसासारखं मध्ये येऊन बसत होतं.

शेवटी सिस्टरनी सोक्षमोक्ष लावला. "एक गोष्ट करून बघायचीय मला. माझी, माझ्या हातची. ती जमली तर मी इथेच आहे. नाही जमली तर जाते लेकीकडे. इथे बसून बिजागऱ्या मोजायच्या नाहीत मला."

"कर की. काय करणार आहेस?"

"आळंबी."

मिस्त्रींचा घास हातातच राहिला. "आळंबी म्हणजे ती छत्रीसारखी उगवते ती?"

"शिंपल्यासारखी. गुच्छात येते. शेतकी शाळेत शिकवतात, मी नाव घातलंय."

"पण सिस्टर, ती म्हणजे बुरशीच ना?"

"फळ आहे ते बुरशीचं."

"चोराचं पोर म्हण. आणि ते माझ्या घरात वाढवणार? मी काय केलंय तुझं?"

सिस्टर शिकवणीला जाऊन आल्या आणि भरभरून बोलायला लागल्या. बुरशीला दात नाहीत, पोट नाही. ती धाग्याच्या टोकातून रस सोडते, लाकूड बाहेरच्या बाहेर विरघळवते आणि मग तो काढा पिऊन टाकते. "आपण आधी गिळतो, मग पचवतो. ती आधी पचवते, मग गिळते. शहाणी आहे." लाकूड म्हणजे धागे, आणि त्या धाग्यांना घट्ट धरून ठेवणारा एक डिंक. तो डिंक भल्याभल्यांना पचत नाही. बहुतेक किडामुंगीला नाही, गाईगुरांना नाही. तुमच्या बरणीतल्या तपकिरी सडीलाही नाही; ती धागे खाते आणि डिंकाचा सांगाडा टाकून जाते, म्हणून त्या वड्या पडतात. पांढरी सड करणारी बुरशी मात्र डिंकही सोडत नाही. आपली आळंबी त्या पांढऱ्यांच्या घराण्यातली.

"घराण्यातली!" मिस्त्री म्हणाले. "आता सोयरीक करा."

"बरं, जंगलात झाडलोट कोण करतं? सांगा ना. वर्षानुवर्षं पानं पडतायत, फांद्या मोडतायत, आख्खी खोडं आडवी होतायत. कुठे जातं ते सगळं? ही नसती तर झाडांच्या गळ्यापर्यंत कचरा साठला असता, आणि नव्या रोपाला मातीत खायला काही उरलं नसतं. सगळं त्या कचऱ्यात अडकून पडलं असतं."

"मग जंगलात राहावं ना तिने. तिथे जाऊन मी काही बोललोय?"

पण मिस्त्री कद्रू नव्हते. आळंबीला भुसा लागतो कळल्यावर त्यांनी उदारपणे शेडच्या कोपऱ्यातल्या ढिगाकडे हात केला. "हवा तेवढा ने. माझ्या भुशासारखा भुसा कुणाकडे नाही."

ते तर शब्दशः खरं होतं.

सिस्टरनी तो भुसा भिजवला, मोठ्या पातेल्यात उकळला, कपड्यावर पसरून निववला. आळंबीचं बी म्हणजे गव्हाचे दाणे, पांढऱ्या बुरशीने लपेटलेले. प्लास्टिकच्या पिशवीत भुशाचा थर, बियाणं, पुन्हा भुसा असं दाबून भरायचं, तोंड बांधायचं आणि अंधाऱ्या खोलीत ठेवून द्यायचं. दाण्यांवरचे धागे भुशात पसरत जातात आणि काही आठवड्यांत सगळी पिशवी पांढरी होते. सिस्टरनी हात कोपरापर्यंत धुतले, तोंडाला फडकं बांधलं. मागच्या खोलीत त्यांनी अशी काही स्वच्छता केली, की तिथे बुरशीच काय, कुणाचं ऑपरेशनसुद्धा करता आलं असतं.

आणि काहीच झालं नाही.

शिकवणीतल्या बाकीच्या बायकांच्या पिशव्या पांढऱ्याधोप झाल्या, सिस्टरच्या पिशव्यांत भुसा जसा भरला तसाच. दाण्यांवरची पांढरी लव दोन दिवस बिचकत उभी राहिली, मग पिवळी पडली, मग गेली.

मिस्त्री रोज खोलीच्या दारात येऊन विचारत, "काय, लागली का?"

"नाही."

"हं," मिस्त्री म्हणत, आणि पाठ वळली की गालात हसत. मनातून त्यांना बरंच वाटे. आपल्या छपराखाली बुरशी धजावत नाही, यात अभिमान वाटण्यासारखं काही नाही असं कोण म्हणेल? "तिला आपल्या घराची सवय नाही," ते सिस्टरना समजावत. "तुझी चूक नाही."

सिस्टरनी दुसऱ्यांदा केलं. भुसा दुप्पट वेळ उकळला, बियाणं नवं आणलं. पुन्हा तेच. शेतकी शाळेतल्या बाई स्वतः येऊन बघून गेल्या. बी उत्तम, स्वच्छता उत्तम, खोली ठीक. जाता जाता त्या सहज म्हणाल्या, "होतं असं. कुणाकुणाच्या हाताला नाही येत."

त्या दिवसापासून सिस्टर भेटेल त्याला सांगू लागल्या, की आपले हातच गेले. मिस्त्रींनी एकदा पाहिलं, त्या स्वयंपाकघरात ओट्यापाशी दोन्ही हात समोर धरून बघत उभ्या होत्या. बोटं थरथरतात का ते बघत होत्या. ते ओट्याखालच्या कपाटाचं दार दोनदा उघडून मिटून गेले.

आणि एका सकाळी फोनवर सिस्टरचा आवाज आला, "महिनाअखेरीला ये मग न्यायला. नाही, नाही, आता काही राहिलं नाही इथे करायचं." मिस्त्रींची दारं इतकी घट्ट बसत की एरवी या खोलीतलं त्या खोलीत ऐकू येत नसे. त्या सकाळी नेमकं दार उघडं होतं.

शनिवारी शेडमध्ये रंगारी येऊन बसला होता. मिस्त्रींनी दारं करायची आणि त्याने रंगवायची, असा दोघांचा जुना घरोबा. त्या दिवशी दोघांच्या वाटणीचं रंगारी एकटाच बोलत होता.

"आता मजा आहे बुवा तुमची. कुणी कोपर मारणार नाही. सकाळी उठा, दारांशी गप्पा मारा. टिकाऊ सोबत आहे."

काम आटोपलं होतं, म्हणून हाताने झारी उचलली, पिंपातून भरली आणि मिस्त्री निघाले. रचलेल्या फळ्यांवर शिंपलं. नळाजवळच्या कोपऱ्यात शिंपलं. भुशाच्या ढिगावर शिंपलं.

"मी कधीचं विचारीन म्हणतोय," रंगारी म्हणाला, "त्या भुशाला कशाला हो औषध? त्याचं काय दार करणार आहात?"

"ओला राहतो तो. मग बुरशी धर..."

झारी तशीच कलती राहिली. निळं पाणी एकाच जागी पडत राहिलं, भुशात त्याची छोटी विहीर झाली, आणि मिस्त्री तिच्यात बघत उभे.

रंगाऱ्याला उमगायला क्षणभर लागला. मग तो हसता हसता बसल्या डब्यावरून खाली आला. "म्हणजे तुम्ही... आणि त्या उकळतायत... अरे देवा, मिस्त्री!"

"गप बस."

"नाही, पण औषध टिकाऊ हं तुमचं! दोनदा उकळलं तरी जात नाही!"

"गप बस म्हणतो ना."

रंगाऱ्याने डोळे पुसले आणि व्यवहाराचं बोलला. "हे बघा, सांगूबिंगू नका. वखारीतून साधा भुसा आणा, गुपचूप बदला. पुढच्या खेपेला येईल आळंबी. तुमची लाज राहील, त्यांचं काम होईल."

मिस्त्रींना ते पटलंही. पण घरात आले तर पलंगावर उघडी बॅग होती आणि सिस्टर तिच्यात कपडे भरत होत्या. पुढची खेप होणारच नव्हती. आणि भुसा बदलता आला तरी ओट्यापाशी बघत राहिलेले ते हात कसे बदलणार?

मिस्त्री जाऊन थेट बॅगेत बसले. कपड्यांवरच.

"उठा."

"बी चांगलं होतं," मिस्त्री म्हणाले.

"हं. उठा आता."

"तुझे हातही चांगले होते."

सिस्टर थांबल्या.

"आणि," मिस्त्रींनी खाली बघत वाक्य पुरं केलं, "माझं औषधही चांगलं होतं."

सिस्टर नवऱ्याकडे बघत राहिल्या. मग मिस्त्रींच्या पायावर पडलेल्या निळ्या थेंबाकडे. ऑपरेशनच्या टेबलापाशी उभं राहून डॉक्टरने न मागितलेली वस्तूही वेळेवर पुढे करणारी बाई ती. तिला फोड करून सांगायची गरज नव्हती.

"भुशाला?"

"हो."

"कधीपासून पाजताय?"

"शेड बांधली तेव्हापासून."

"आणि मी गावभर सांगत फिरले," सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या, "की माझे हात गेले."

मिस्त्री बॅगेत आणखी थोडे खाली रुतले. शेवटी सिस्टरच्याच खांद्यांना हलकेच हिसका बसला. मिस्त्रींना वाटलं रडतेय. ती हसत होती.

"मघाशी 'औषध चांगलं होतं' म्हणताना," त्या म्हणाल्या, "आनंद झाला ना तुम्हाला थोडासा?"

"थोडासा," मिस्त्रींनी कबूल केलं.

"उठा. इस्त्रीचे आहेत ते. आणि लेक महिनाअखेरीला येतेय, तोवर तुमच्याकडे वेळ आहे. माझ्याकडे नाही, तुमच्याकडे. काय करायचं ते करा."

मग जे झालं त्याची गावात पुष्कळ चर्चा झाली. जन्मभर चोरासाठी कड्याकुलपं लावणाऱ्याला चोर कुठून शिरतो हे दुसऱ्या कुणाहीपेक्षा जास्त माहीत असतं. आता तेच मिस्त्री त्याच्यासाठी खिडकी उघडी ठेवायला निघाले होते. ते वखारीत गेले आणि मालकाला म्हणाले, "मऊ लाकूड दाखव. गाभा नको. सालीच्या आतलं पांढरं, कच्चं, परवाच कापलेलं. ज्याला मी एरवी लाथ मारीन असं."

वखारवाला उठून उभा राहिला. "मिस्त्री, घरी सगळं बरं आहे ना?"

"ते पांढरं तिला आवडतं," मिस्त्री म्हणाले. "गोडवा असतो त्याच्यात." आणि ओंडका खांद्यावर टाकून चालू लागले. मागे वखारीत 'तिला म्हणजे कुणाला' यावर चर्चा सुरू झाली.

ओंडका त्यांनी स्वतः कापला. त्याआधी सिस्टरनी करवत मागून घेतली.

"कशाला?"

"उकळायला. तिला औषध लागलेलं असणार."

"करवत उकळतात का कुणी? धारेचं पाणी उतरेल ना तिचं!"

"माझ्या खोलीत न उकळलेलं काही येत नाही. तुम्हाला उकळत नाही हेच खूप आहे."

करवत पातेल्यात आडवी मावेना, म्हणून अर्धी अर्धी करून उकळली. ती खोलीही मिस्त्रींनी नापास केली. "इथे दोन बाजूंनी वारा, वर तापणारं छप्पर. मीच बांधलीय, इथे काही कुजू नये म्हणून. माझ्यामागून ये." न्हाणीघराच्या मागे एक अरुंद बोळ होता, छपराचा, तीन बाजूंनी भिंती, कायम गारठा. मिस्त्रींची शिडी तिथे दोनदा कुजली होती, औषध पिऊनसुद्धा. "या एका जागी मी हरलोय," ते म्हणाले. हे त्यांनी आजवर रंगाऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

अंगणात बदामाचं झाड होतं. त्याची तांबडी, वीतभर पानं मिस्त्री रोज सकाळी झाडून फाटकाबाहेर टाकत. पानं कुजतील आणि कुजणं चालत चालत शेडपर्यंत येईल ही धास्ती. आता झाडणं बंद झालं. वाळकी पानं चुरून सिस्टरनी भुशात मिसळली आणि उरलेली झाडाच्या बुंध्याशी पडू दिली. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "मिस्त्री आजारी आहेत का? झाडलं नाही आज."

बोळाला दार हवं होतं. मिस्त्रींनी ते केलं, आणि रंगारी रंगवायला आला तो बघतच राहिला.

"खाली फट राहिलीय."

"ठेवलीय."

"वरही."

"वरही ठेवलीय. पुढे फळ धरताना वारा लागतो तिला."

"आणि औषध?"

मिस्त्रींनी नकारार्थी मान हलवली. बिनऔषधाचं दार त्यांच्या हातून पहिल्यांदाच बाहेर पडत होतं. ते दार लावताना त्यांचा चेहरा असा होता, की रंगारी काही न बोलता ब्रश बुडवू लागला. बोलला तो पुढच्या दिवशी.

पिशव्या भरल्या, टांगल्या, दिवा मालवला. मिस्त्री रोज सकाळी तोंड धुण्याआधी बोळाशी जात. बिजागरी करकरते का बघायला जातो, असं सांगून. नवी बिजागरी कशाला करकरेल! पहिले काही दिवस काही नव्हतं. मग एका सकाळी प्रत्येक दाण्याभोवती एक पांढरं वलय दिसलं, आरशावर उमटलेल्या उच्छ्वासासारखं. दुसऱ्या दिवशी वलयं एकमेकांच्या दिशेने सरकली. मिस्त्री ओरडत घरात आले, "सिस्टर! लागली!" आणि सिस्टर दात घासता घासता धावल्या.

रोज पांढरं पुढे जाई आणि तपकिरी मागे हटे. मिस्त्री पिशवीजवळ नाक नेऊन बघत. जन्मभर त्यांनी ही बुरशीबाई काम उरकून गेल्यावर मागे उरलेलाच पसारा पाहिला होता. कामावर असताना कधी पाहिलं नव्हतं. एक दिवस त्यांनी पिशवी हातात घेतली आणि दचकले. हातांत सुटा भुसा नव्हता. मुठीतून निसटून जाणाऱ्या त्या भुशाची एक अखंड, घट्ट वीट झाली होती. त्यांनी बोटाच्या पेराने ठोकलं. ठक्क आवाज आला.

"सरस नाही," मिस्त्री स्वतःशीच म्हणाले. "खिळा नाही. खाच नाही." त्यांनी वीट उलटीपालटी करून बघितली. "काय सांधलंय! सिस्टर, बघ, कुठे सुटलेलं नाही."

"खातेय ती भुसा," सिस्टरनी आठवण करून दिली.

"खाऊ दे. पण सांधते चांगलं."

आणि त्यांचा हात आपसूक खिशातल्या दाभणाकडे गेला. सिस्टरनी त्या हातावर चापट मारली.

महिनाअखेर आली. लेक आली, गाडी घेऊन, बाळाला नवऱ्यापाशी ठेवून. सिस्टरची बॅग पलंगावर तशीच होती, अर्धी भरलेली, मधोमध खोलगट. सिस्टरनी ती रिकामीही केली नव्हती आणि पुरी भरलीही नव्हती. आळंबी अजून धरली नव्हती. पिशव्या नुसत्या पांढऱ्या होत्या, आणि 'जमलं' असं म्हणायला तेवढं पुरे आहे का, हे सिस्टरचं सिस्टरनाच ठरत नव्हतं.

"कुठे आहे तुझा तो उद्योग? बघू तरी," लेक म्हणाली आणि बोळाचं दार ढकलून आत गेली. दिवा लावला. तिने तोंडावर हात ठेवला.

"ई! आई! अगं, सगळं बुरशी लागून गेलंय!"

मागून मिस्त्री आले. छाती भरून, जावयाचं घर पहिल्यांदा पाहिलं तेव्हाही आली नव्हती अशी ऐट चेहऱ्यावर आणून, ते म्हणाले, "लागलीय! आणि काय छान लागलीय बघ!"

लेकीने वडिलांकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. मग बिनऔषधाच्या दाराकडे, खालच्या फटीकडे, अंगणात गुडघाभर साठलेल्या बदामाच्या पानांकडे. आणि आईचं मनगट धरून ती तिला बाजूला घेऊन गेली.

"आई, बाबांचं हे कधीपासून सुरू आहे?"

"झाले काही आठवडे."

"तू नको येऊस बाई. मी बाळासाठी कुणीतरी बघते. यांना एकटं नको ठेवूस."

"मी तरी कुठे येतेय," सिस्टर म्हणाल्या. आणि म्हणून झाल्यावर त्यांनाच नवल वाटलं, की ठरलं होतं म्हणायचं. "चार दिवस येईन मध्ये, बाळाला बघायला. जास्त नाही जमणार. इथे रोज बघावं लागतं."

जेवताना लेकीने इकडेतिकडे बघत सांगितलं, "बाबा, आमच्या दाराची चौकट बदलली. तुम्ही म्हणाला होतात तस्सं निघालं, आत नुसत्या वड्या. पण मी सांगितलं असं सासऱ्यांना कळू देऊ नका."

सिस्टर डोळे मिटून वाट बघत राहिल्या. आता येणार ते 'मी म्हणालो नव्हतो?'. ते आलं नाही.

"जुनी कुठे टाकली?" मिस्त्रींनी विचारलं.

"फेकली. कचऱ्याच्या गाडीत."

"फेकली!" मिस्त्री कळवळले. "अगं, कुजलेली चौकट फेकतात का? बुंध्याशी पानांत टाकली असती. आयती तयार माती!"

लेकीने आईकडे अर्थपूर्ण पाहिलं, आणि संध्याकाळी ती एकटीच परत गेली.

लेक गेल्यावर चौथ्या दिवशी, फळ बाहेर यायला पिशव्यांना दिलेल्या चिरांमधून करड्या रंगाच्या टाचणीच्या डोक्याएवढ्या गाठी डोकावल्या. दुसऱ्या सकाळपर्यंत त्यांचे कान झाले, बाळाच्या कानांसारखे, एकावर एक. मिस्त्री धावत बोळाशी गेले.

"हात," आतून सिस्टरचा आवाज आला.

मिस्त्री नळाशी गेले. शिकवलं होतं तसे कोपरापर्यंत, बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून हात धुतले आणि दोन्ही पंजे वर धरून पुन्हा दाराशी आले. फटीतून आतला उजेड त्यांच्या पायांवर पडला होता.

"येऊ का?"

"खिशात काय आहे?"

मिस्त्रींनी खिशाकडे पाहिलं. धुतलेल्या हातांनी खिशाला शिवता येत नव्हतं. त्यांनी शेडमध्ये आलेल्या रंगाऱ्याला हाक मारली. तो आला, त्याने न हसण्याची शिकस्त करत मिस्त्रींच्या खिशातला दाभण काढला आणि बाहेरच्या भिंतीवर, जिथे टॉवेल टांगतात त्या खिळ्याला अडकवून ठेवला.

मग टिकाऊ मिस्त्री आत गेले.